बिनपंपाचा ट्रॅक्टर

२२ जून, रविवार

ट्रॅक्टर आला. लवळ्याच्या मित्राने, इंद्रजितने, शब्द पाळला. त्याच्या फार्महाउसच्या हिरवळीवर हा शोभेला उभा होता, सीटवर मोगऱ्याची कुंडी. म्हटलं, शोभेचे दिवस संपले बाबा, आता कामाला लागायचं.

जुनं मॉडेल, पेट्रोलवर चालणारं. याला फ्युएल पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्या वजनाने आपोआप उतरतं. ना सेन्सर, ना इलेक्ट्रॉनिक्स. हिंजवडीत क्वालिटी हेड म्हणून बारा वर्षं काढली, त्यातून एकच शिकलो: जितके पार्ट कमी तितक्या सबबी कमी. गुरुत्वाकर्षण बंद पडत नाही.

रजनीने ओट्यावरून बघितलं आणि विचारलं, "चालतो का?" संसारात मी घरात आणलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल तिचा पहिला प्रश्न हाच. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण कुतूहल म्हणून नाही.

संकल्प: रोजनिशी नियमित लिहायची. रजनीवर चिडायचं नाही. या खरिपात वाडीला दाखवून द्यायचं, मॅनेजमेंट कशाला म्हणतात.

२४ जून, मंगळवार

आज पूर्ण इन्स्पेक्शन. टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक सापडलं. सुईएवढं. मुळशीचा पाऊस आणि टाकीला भोक! इतक्या वर्षांत एकाही मालकाच्या लक्षात आलं नाही. रंगाऱ्याकडची लांबी भरून बुजवलं, वर रंगाचा हात दिला. कळणारसुद्धा नाही.

रजनी म्हणाली, "अहो, ते भोक हवेसाठी असेल." सांगितलं, इंजिनाला हवा एअर फिल्टरमधून जाते. ती म्हणाली, इंजिनाला नाही, टाकीला. टाकी काय श्वास घेते? हसलो. तिच्या शाळेत ट्रॅक्टर नव्हता, तिचा दोष नाही.

संध्याकाळी खालच्या बांधावर कमळ भेटली. तिची तीन खाचरं आमच्या प्लॉटला लागून. नवरा चिंधू लवळ्याला कॉलेजच्या होस्टेलवर वॉचमन, त्यामुळे शेती हीच बघते. तिला म्हटलं, यंदा भाताच्या चिखलणीला वाडीतल्या निलेशचा पॉवर टिलर सांगू नका. मी करून देतो, सगळी, फुकट.

ती जरा घुटमळली. म्हणाली, "निलेशकडं नंबर लावलाय म्या सायेब. एकदा सोडला का मागं जातो. मंग भातरोपाच्या आवणीचा मेळ बसत न्हाई."

म्हटलं, बिनधास्त सोडा.

म्हणाली, "रजनीबाईंचं घर हाय म्हनून सोडते."

शेतकऱ्याचा विश्वास मिळवायला लोकांना वर्षं लागतात. मला एक संध्याकाळ.

२७ जून, शुक्रवार

चालू केला. पहिल्याच झटक्याला. वरच्या रस्त्याने ओढ्यापर्यंत गेलो, वाडीतली माणसं दारात येऊन बघत होती. परत येताना आधी खोकला, मग गचके, मग बंद.

शांतपणे उतरलो. टाकीत पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं. भरपूर होतं. उघडताना टाकीने असा मोठा उसासा टाकला की मला तिची दयाच आली. जुनी यंत्रं माणसासारखी असतात. खाली काचेची वाटी असते, तिच्यात गाळ जमतो. ती काढून शर्टाला पुसली. झाकण लावलं. स्टार्टर मारला, लगेच चालू.

निदान: गाळ. उपाय: सफाई. यालाच रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतात.

घराजवळ पुन्हा बंद पडला. पण तिथे चढ आहे.

२८ जून

गाळ नव्हता. किंवा फक्त गाळ नव्हता. आज चार वेळा चालू, चार वेळा बंद. दर वेळी झाकण उघडून पातळी बघतो, दर वेळी एखादा पार्ट साफ करतो, दर वेळी लगेच चालू होतो. म्हणजे माझी प्रत्येक दुरुस्ती बरोबर आहे, फक्त टिकत नाही. हा टिकाऊपणाचा प्रश्न आहे, निदानाचा नाही. फरक समजून घ्यायला हवा.

१ जुलै, मंगळवार

पौडला राजू मेकॅनिककडे गेलो. यायला तयार नाही. म्हणाला, "आवणीच्या दिवसात मी पौड सोडत न्हाई सायेब. कार्बोरेटर नवा टाका." न बघता! डॉक्टरने रस्त्यात भेटलेल्या माणसाला न तपासता ऑपरेशन सांगावं तसं. त्याला सांगितलं की ह्या मॉडेलचा कार्बोरेटर आता कुठे मिळत नाही. म्हणाला, मग ट्रॅक्टर नवा टाका. शेजारचे दोघं हसले. मीही हसलो, म्हणजे त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

येताना पेट्रोलची पारदर्शक नळी आणि एक मोठा फिल्टर घेऊन आलो. नळी पारदर्शक असली की पेट्रोल कुठे अडतं ते दिसतं.

घरी रजनीने पुन्हा हवेचा विषय काढला. तेलाचा डबा, एक भोक, दोन भोकं असं काहीतरी. आठवीचा तास. मी नळी कापत होतो, त्यामुळे पूर्ण ऐकलं नाही.

३ जुलै

कमळ विचारायला आली. "रोप तयार झालंय सायेब. पाऊस बी हाय. कवा येताय?"

म्हटलं, शनिवारी.

रजनी तिला चहा देत होती. कमळ गेल्यावर म्हणाली, "तिला आजच खरं सांगा. निलेशला विनंती करू, तो नंबर देईल." म्हटलं, खरं काय सांगायचं? शनिवार खराच आहे. ती उठून आत गेली. पूर्वी वाद तरी घालायची. वयाबरोबर बायकांचा उत्साह मावळतो.

५ जुलै, शनिवार

शनिवार पुढे ढकलला. फिल्टर लावल्यापासून पेट्रोल अगदीच रडत उतरतंय. फिल्टर इतका चांगला आहे की पेट्रोलसुद्धा जाऊ देत नाही. काढला.

मग शास्त्रशुद्ध चाचणी. कार्बोरेटरखालचा नट काढून बाटली धरली. पेट्रोल आधी जोरात आलं, मग धार बारीक, मग थेंब थेंब, मग काही नाही. टाकी वरपर्यंत भरलेली. विचित्र. वर चढून झाकण उघडलं, पुन्हा तो उसासा, आणि खाली धार पूर्ववत! पण तेवढ्यात बाटली भरून हातावर सांडलं, नट चिखलात पडला, शोधण्यात दुपार गेली आणि ह्या निरीक्षणाचा पुढे विचार करायचा राहिला. उद्या.

कमळला निरोप दिला, मंगळवारी.

७ जुलै

सुटला! प्रश्न सुटला!

नळी वळवून कार्बोरेटरकडे सरळ उतार दिला. टाकी भरताना झाकण ओट्यावर राहिलं होतं, तोंडावर फडकं टाकून तसाच चालू केला. अंगणात सकाळभर फिरवला. एक गचका नाही, एक खोकला नाही. रजनी कपडे वाळत घालता घालता थांबून फडक्याकडे बघत होती. काहीतरी बोलणार होती, पण मी हॉर्न वाजवला. आनंदाच्या भरात.

ट्रॅक्टर उताराचं यंत्र आहे. उतार नीट दिला की सगळं नीट. हे एक वाक्य कळायला किती दिवस गेले, पण कळलं ते माझं मला. मुलाला फोन करून सांगितलं. पियूष म्हणाला, ग्रेट बाबा, मीटिंगमध्ये आहे.

उद्या चिखलणी. आभाळ भरलंय, म्हणून झाकण पान्याने गच्च आवळून ठेवलं. पाण्याचा थेंब जाता कामा नये.

८ जुलै, मंगळवार, दुपारी दोन

हे खाचरात, ट्रॅक्टरवर बसून, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन लिहितोय. उतरता येत नाही, गुडघ्याच्या वर चिखल आहे.

सकाळी थाटात निघालो. चिखलासाठी लोखंडी जाळीची चाकं लावलेली, मागे अवजार. कमळने सगळी रोपं काल आणि आज मिळून उपटून ठेवली होती. जुड्या बांधून मधल्या मोठ्या खाचराच्या कोपऱ्यात, पाण्यात उभ्या केल्या होत्या. चिखल झाला की दुपारपासून आवणी. वाडीतल्या सात-आठ बायका इरली घेऊन बांधावर बसलेल्या. रजनी पण. तिला कुणी बोलावलं होतं माहीत नाही.

पहिली फेरी उत्तम. दुसरी उत्तम. बांधावरून कुणीतरी "व्हय व्हय" म्हणालं. मी हात केला. तिसऱ्या फेरीला बरोबर मधोमध खोकला.

पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. रजनी बांधावरून ओरडत होती, "झाकण उघडा! झाकण!" ह्या पावसात झाकण? पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ट्रॅक्टर कायमचा संपेल. मी मानेनेच नाही म्हटलं आणि स्टार्टर मारत राहिलो. बॅटरी संपेपर्यंत.

बायका घरी गेल्या. रजनी गेली नाही. उभी आहे. तिच्याकडे बघत नाही.

८ जुलै, संध्याकाळ

वाट बघत बसण्यापेक्षा कृती करावी म्हणून मी जागेवरच चाचणी घेतली. बाटली नव्हती. खालचा नट काढला, धार येते का पाहायला. आली. मग थांबली. मग प्लॅस्टिक डोक्यावर धरून एकदाचं झाकण थोडं सैल केलं, तर अशी धार आली की हात पुरेना. नट पुन्हा चिखलात. आणि टाकीखालचा नळ बंद करायचा तो दांडा गंजलेला, हलेना. अर्धी टाकी तरी खाचरात गेली असेल.

पाण्यावर निळे-जांभळे रंग पसरले. वाऱ्याने सगळे एका कोपऱ्यात सरकले. जुड्या होत्या त्या कोपऱ्यात.

कमळ धावत आली. पाण्यात उतरून जुड्या बाहेर फेकू लागली. रजनी पण उतरली, साडी खोचून. दोघी फेकत होत्या.

मी म्हटलं, पेट्रोल उडून जातं, काळजी करू नका. त्या फेकतच राहिल्या. पावसात ऐकू गेलं नसेल.

१० जुलै

जुड्या पिवळ्या पडल्या. सगळ्या नाहीत. बऱ्याच.

निलेश त्याच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आणून माझा ओढून काढून गेला. साखळी लावताना म्हणाला, "ट्रॅक्टर काढतो सायेब. पन खाचराचं काय करू?" म्हणजे काय, विचारलं. त्याने दाखवलं. जाळीची चाकं रुतली तिथे खड्डे पडलेत, कमरेइतके, आणि बांध फुटून पाणी निघून गेलंय. टिलर तिथे उतरणार नाही म्हणाला.

मी त्याला सुचवलं की खड्डे भरण्याचं काम टप्प्याटप्प्याने करता येईल. प्लॅन काढून देतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

कमळला जाऊन म्हटलं, नुकसान भरून देतो. ती जुड्या निवडत होती, पिवळी एका बाजूला, हिरवी एका बाजूला. मान वर न करता म्हणाली, "काय भरून देनार? रोप इकत मिळतं व्हय आता? समद्यांचं लावून होत आलं." मग म्हणाली, "जावा घरी. भिजताय."

काळजी केली तिने माझी. मनाने चांगली आहे.

१३ जुलै, रविवार

रजनीची तब्येत बरी नसावी. बोलत नाही. सकाळी पोळी-भाजी झाकून ठेवते आणि कमळकडे जाते. कुणाकडे उरलेली चार चार मुठी रोपं मागून आणतात दोघी, घरोघर फिरून. काल वरच्या वाडीपर्यंत गेल्या होत्या. पासष्टीला आलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून आमच्या घराला जिना करायचा नाही म्हणाली होती, ती आता दिवसभर चिखलात वाकते. पायांना चिखल्या झाल्यात. मलम आणून दिलं. टेबलावरच आहे.

ह्या लोकांत इर्जिक म्हणून पद्धत आहे. आज सगळ्यांनी मिळून एकाचं लावायचं, उद्या दुसऱ्याचं. कॉर्पोरेटमध्ये याला टीम बिल्डिंग म्हणतात आणि रिसॉर्टला नेतात.

मी ट्रॅक्टरवर लक्ष केंद्रित केलं आहे. कार्बोरेटर पूर्ण खोलून टेबलावर मांडला आहे. भाग ओळखीचे वाटतात.

१७ जुलै

कार्बोरेटर जोडला, पौडहून नवा नट आणि चार्ज केलेली बॅटरी आणून बसवली. एक स्प्रिंग उरली. बहुधा जादाची.

कमळची दोन खाचरं लागली. मधलं मोठं तसंच राहिलं. आता तिथे पाणी साचून बेडकं ओरडतात. इथून ऐकू येतं. खिडकी लावून घेतो.

२० जुलै, रविवार

आज जे घडलं ते वस्तुनिष्ठपणे लिहितो.

सकाळी ट्रॅक्टर चालू केला, ती स्प्रिंग कुठे बसते ते सापडल्यावर. थोड्या वेळाने बंद. मी वाटी काढायला वाकलो. रजनी कमळकडे निघाली होती. ओट्यावरून उतरली, माझ्या पेटीतला खिळा आणि हातोडी घेतली, झाकण फिरवून काढलं. उसासा. पायरीवर ठेवून खिळ्याने लांबी फोडली. एकच घाव. झाकण परत लावलं, हात पुसले आणि म्हणाली, "आता लावा."

लावला. चालू. चालूच राहिला.

मग ती म्हणाली, उभ्या उभ्याच, शांतपणे, मुलांना सांगावं तसं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत वर जागा होते. त्या जागेत हवा शिरायला हवी. शिरली नाही तर आतला दाब कमी होतो आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते, म्हणून दर वेळी चालू होत होता. बाकी तुम्ही काय काय साफ केलंत त्याने काही झालं नाही.

मी म्हटलं, मग हे आधी का नाही सांगितलंस?

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बांधावरून ओरडले."

म्हटलं, नीट समजावून सांगायला हवं होतं.

मला वाटलं ती रडेल. पण तिने फक्त चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून खाली गेली. दुपारपर्यंत ट्रॅक्टर तसाच चालू होता. बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही.

नोंद: मी ह्या निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो. पाच तारखेची चाचणी. नट पडला नसता तर.

२३ जुलै

रजनी म्हणाली, काही दिवस इथेच राहणार आहे, पण वाकडला पियूषकडे तुम्ही जायचं असेल तर जा. म्हणजे, मी जावं. मीच का? प्लॉट माझा, कल्पना माझी, ट्रॅक्टर माझा. तिला तर मुळशीला यायचंच नव्हतं. तिला इथे आणायला मला दोन वर्षं समजूत घालावी लागली.

तिला म्हटलं हे. ती म्हणाली, "हो. आता आवडतं मला इथे."

चांगलंच आहे. माझा निर्णय योग्य होता असं तिने अखेर कबूल केलं.

२७ जुलै, रविवार

गेला आठवडाभर ट्रॅक्टर उत्तम चालतोय. रोज फिरवतो. आज ठरवलं, संबंध सुधारायची जबाबदारी आपली. मोठेपणा आपण दाखवायचा.

खाली निलेशच्या खाचरात शेवटची आवणी चालली होती. कमळचं लावायला सगळे आले होते, आता निलेशचं लावायला कमळ आली होती. रजनी रांगेत, वाडीतल्या दोन बायकांच्या मधे. मागून कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. ट्रॅक्टर बांधाशी नेऊन थांबवला, इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं, आवाज ऐकू जावा म्हणून. किती सुरेख चालतंय ते कळावं.

रांग एक पाऊल मागे सरकली. कुणी वर बघितलं नाही.

मोठ्याने म्हणालो, कमळताई, झालं ते झालं. पुढच्या वर्षी तुमची तिन्ही खाचरं माझ्याकडे. पहिला नंबर तुमचा.

कमळने हातातली रोपं लावली. दुसरी जुडी सोडली. मग म्हणाली, "पुढल्या वर्साचं निलेशला सांगून ठेवलंय."

म्हटलं, पुढच्या वर्षीचं? आत्ता, जुलैत?

"व्हय."

कधी सांगितलंत?

"मगाशी. तुमच्या टॅक्टरचा आवाज आला तवा."

कुणीतरी हसलं. निलेश असेल. रजनी हसली नाही. ती वाकलेलीच होती, तिचा हात भरभर चालत होता. रांग आणखी एक पाऊल मागे सरकली, माझ्यापासून लांब.

वळायला जागा नव्हती म्हणून पुढेच गेलो. डांबरी रस्त्याला लागलो. पौडपर्यंत गेलो, एसटी स्टँडला वळसा घातला, परत आलो. सबंध रस्ताभर एकदाही बंद पडला नाही. खाली उतरायला काही निमित्तच मिळालं नाही.